गाडी जळाली, हप्ता मात्र उभाच



आपल्या वस्त्यांतील सुशिक्षित बेकार तरुणांनी महात्मा फुले महामंडळाचे बीजभांडवल आणि बँकेचे कर्ज मिळवून जीप, टेंपो, रिक्षा घेतल्या. अंबड, मंठा, भोकरदनच्या रस्त्यांवर त्या धावतात तेव्हा घरात चूल पेटते. अशा गाडीच्या इंजिनातून धूर निघाला तर थोड्याच वेळात लोखंडाचा सांगाडा उरतो. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा राहतो.

‘इन्शुरन्स आहे ना!’ असे लोक सहज म्हणतात. पण तो कोणता? कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्यातून त्याला भरपाई मिळते. आपली स्वतःची गाडी जळाली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो त्यात आग, स्फोट आणि गाडी आपोआप पेटणे हे धोके धरलेले असतात. पहिल्या वर्षी फुल काढायचा आणि पुढे पैसे वाचवायला नुसता थर्ड पार्टी, ही आपल्याकडची रीत फार महागात पडते.

आता कंपन्या काय म्हणतात ते पाहू. मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी नेत असलेली कोरी नॅनो रस्त्यातच पेटली. सुदैवाने आतली माणसे बचावली. आणखी काही नॅनो पेटल्यावर टाटा मोटर्सने तपास केला आणि सांगितले की, त्या गाड्यांत जादा विद्युत उपकरणे बसविली होती किंवा एक्झॉस्टवर बाहेरची वस्तू राहून गेली होती. तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने सर्व नॅनोंना एक्झॉस्ट आणि वायरिंगचे जादा संरक्षण फुकट बसवून देण्याचे जाहीर केले. त्याला ‘रिकॉल’ म्हणायचे मात्र टाळले. सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार सरकारला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले.

‘जादा उपकरणे’ हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा, कारण आपल्या माणसालाही हेच उत्तर मिळते. नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून मोठा हॉर्न, टेप, रंगीत दिवे लावून घ्यायचे, तो मूळ वायर सोलून फ्यूजशिवाय जोड मारणार, आणि बिल तर कुणी मागतच नाही! असे काही बसवायचेच असेल तर बिल घ्या आणि जादा प्रीमियम भरून पॉलिसीत नोंद करा. गॅस किट असेल तर आरसी आणि पॉलिसी, दोन्हींत नोंद पाहिजे. घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरणाऱ्याची बाजू मी तरी घेणार नाही. त्यात माणसे मरतात.

दीक्षाभूमीला जाताना खाजगी नंबरची गाडी भाड्याने केली जाते. त्या फेरीत गाडी पेटली तर विमा कंपनी अटीचा भंग झाला म्हणून हात वर करते. परंतु खाजगी गाडी भाड्याने वापरल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले की, तेवढ्यावरून संपूर्ण दावा फेटाळता येत नाही, काही प्रमाणात रक्कम द्यावी. तेव्हा पहिला नकार आला म्हणून घरी बसू नका.

आग विझल्यावर पोलीस पंचनामा आणि अग्निशामक दलाचा दाखला घ्या, सर्व बाजूंनी फोटो काढा. विमा कंपनीला त्याच दिवशी फोन करा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. बँकेलाही कळवा, कारण कर्जाच्या गाडीची भरपाई आधी तिच्याकडे जाते. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी कुणाला खोलू देऊ नका. गाडीतच मूळ दोष होता असे म्हणायचे असेल तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि तो त्या सांगाड्यावरूनच तयार होतो. सांगाडा भंगारात गेला की उत्पादकाविरुद्धचा पुरावाही गेला. ‘फुल अँड फायनल’ असे लिहिलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करायची नाही.

बाबासाहेबांनी १९२५ ते १९२८ या काळात मुंबईत बाटलीबॉय यांच्या संस्थेत मर्कंटाईल लॉ शिकविला. पॉलिसी हा त्याच कायद्यातला करार आहे, आणि आपण तो न वाचता पत्र्याच्या पेटीत ठेवतो.

कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. नकारानंतर त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे कंपनी कुठलीही असो, तिला जालन्यात यावे लागते. मुदत दोन वर्षे. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. ‘गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असा आक्षेप कंपनीचा वकील हमखास घेतो. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी कायद्याने त्यातून वगळली आहे, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. आयोगात जाण्यापूर्वी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे.

आणि पॉलिसी, आरसी, बिले यांच्या झेरॉक्स घरी ठेवा. डॅशबोर्डमधले कागद गाडीबरोबरच जळतात.