हात वर गेला पाहिजे!

घरात आईच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते. टाके निघतात. पाहुणे शहाळी, सफरचंदं घेऊन येऊन जातात. ‘आई, तू काही उचलायचं नाहीस, पडून राहायचं,’ असा मुलीचा दम असतो. सून पाण्याचा तांब्याही हातात आणून देते. आई तो हात पदराखाली पोटाशी धरून बसते. तीन महिन्यांनी ध्यानात येतं, की गाठ गेली, पण हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालता येत नाही, फडताळातला डबा काढता येत नाही.

यात मायेचा दोष नाही. काय करायचं, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

शस्त्रक्रियेनंतर सांधा हलवला नाही तर तो आखडतो. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते. त्यापायी ‘वजन उचलू नका’ असा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. त्यांची सूज वाढली नाही. उलट ती एकाएकी बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग फार. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांनंतर जबडा आखडतो, भाकरीचा घास तोंडात जात नाही. त्यावरचा व्यायाम अगदी साधा आहे. लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि एकेक पट्टी वाढवत न्यायची. पण तो वेळेत आणि रोज करावा लागतो. जबडा पुरता आवळल्यावर धावाधाव करून फारसं हाती लागत नाही.

व्यायामाचा उपयोग एवढ्यापुरताच नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवर प्रामुख्याने कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली जाहीर झाले. शस्त्रक्रिया व केमोथेरपीनंतर एका गटाला आरोग्याची माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्या गटाला पुस्तिकेबरोबरच तीन वर्षं पाठपुरावा करणारा मार्गदर्शक दिला. पाच वर्षांनी रोग न उलटता जगणारे पहिल्या गटात ७४ टक्के होते, तर दुसऱ्यात ८० टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले अनुक्रमे ८३ आणि ९० टक्के. व्यायाम तरी कोणता, तर बहुतेकांचा भरभर चालण्याचाच!

पुस्तिका दोन्ही गटांना मिळाली होती, हे विसरू नये. फरक पडला तो ‘या आठवड्यात किती चाललात?’ असं विचारणाऱ्या माणसामुळे. आपल्याकडे बऱ्याचदा घरी सोडताना ‘थोडं चालत जा’ एवढंच सांगून बोळवण होते. किती, कधी, कसं, हे रुग्णाने विचारायचं कोणाला?

म्हणूनच फिजिओथेरपिस्ट हा कर्करोगाच्या उपचारातला पहिल्या दिवसापासूनचा भागीदार हवा. शस्त्रक्रियेआधी त्याची भेट व्हावी. घरी जाताना गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर व्यायामाची चिठ्ठी मिळावी. मुंबईपर्यंतची खेप न परवडणाऱ्याला हा सल्ला जिल्हा रुग्णालयात मिळावा. सरकारी योजनांत आणि विम्यातही या खर्चाची तरतूद स्पष्ट लिहिलेली असावी. शस्त्रक्रियेवर लाखो रुपये खर्च करायचे आणि हात वर जाण्यासाठी काहीच नाही, हा हिशेब कुठला?

अर्थात, मनाने ठरवून व्यायाम सुरू करू नये. रोग हाडांत पसरला असेल, रक्तातल्या पेशी फार घटल्या असतील किंवा ताप असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नये. आणि थकलेल्या दिवशी विश्रांती घेण्यात कमीपणा नाही.

घरच्यांनी मात्र आपल्या मायेची रीत थोडी बदलावी. तांब्या हातात देण्याऐवजी ‘चल आई, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ असं म्हणावं आणि तिच्याबरोबर, तिच्या चालीनं चालावं. फडताळातला डबा एक दिवस तिचा तिलाच काढता येईल.