कामगाराचा हात आणि पहिला तास

उधना-जळगाव लोहमार्गावरील चलथाण हे साखर कारखान्याचे गाव म्हणून ओळखले जाते. आज या परिसरात कापडावर प्रक्रिया करणारे कारखाने आणि यंत्रमाग यांची दाटी आहे. याच मार्गाने खानदेशातून आलेले असंख्य मराठी कामगार सुरतेच्या या पट्ट्यात राबतात. फिरते रोलर, पट्टे आणि दातेरी चाके यांच्या सान्निध्यात त्यांचा हात सदैव धोक्यात असतो.

हाताची जखम फसवी असते. बारीक कापल्यानंतर बोट वाकत नसेल वा सरळ होत नसेल, तर स्नायुबंध तुटल्याची शक्यता असते. बोटाचा शेंडा बधिर झाल्यास मज्जातंतूला इजा झालेली असू शकते. अशा जखमेवर केवळ टाके घालून भागत नाही. रोलरमध्ये चिरडलेला हात वरून धड दिसला, तरी आतल्या सुजेने रक्तपुरवठा खुंटू शकतो. अंगठी मात्र सूज येण्यापूर्वीच काढावी.

रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, चुना, चहापूड लावू नये. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात. योग्य रीतीने थंड ठेवलेले बोट कित्येक तासांनंतरही जोडता येते, परंतु विलंबाने यशाची शक्यता घटत जाते. धनुर्वाताची लसही विसरू नये.

प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९२३ चा नुकसानभरपाई कायदा सामावून घेतला. त्या जुन्या कायद्याच्या कोष्टकात अंगठा गमावल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के, तर पूर्ण तर्जनी गमावल्यास १४ टक्के घट धरलेली होती. परंतु अपघाताची नोंदच झाली नाही, तर हक्काची टक्केवारी कागदावरच राहते. कंत्राटदारामार्फत कामावर आलेला परप्रांतीय मजूर येथेच सर्वाधिक दुबळा ठरतो.

वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतील परिस्थिती यापेक्षा निराळी मानण्याचे कारण नाही. प्रत्येक पाळीत प्रथमोपचार जाणणारा एक माणूस, यंत्रांना संरक्षक जाळी, १०८ ला तत्काळ दूरध्वनी आणि अपघाताची त्याच दिवशी लेखी नोंद, एवढी व्यवस्था खर्चिक नाही. ती नसेल तर तिची किंमत कामगार आपल्या बोटांनी मोजतो.