दोरीचा रंग : माशासाठी की माणसासाठी?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठतात. मिल लॅक्ससारख्या अवाढव्य तळ्यावर लोक चक्क गाड्या घेऊन जातात, बर्फाला भोक पाडतात, वर छोटी झोपडी उभी करतात आणि त्या भोकातून गळ सोडून तासन् तास बसून राहतात. याला म्हणतात आइस फिशिंग. या मंडळींमध्ये न संपणारा एक वाद आहे : गळाच्या दोरीचा रंग कुठला असावा? पारदर्शक, हिरवा, लाल की झगझगीत पिवळा?

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आपल्या मेसच्या रश्शात मासा सोडाच, बटाटा शोधायलासुद्धा गळ टाकावा लागतो! पण मित्रांनो, हा प्रश्न आपल्याच सिलॅबसमधला आहे. कोकणात जिला तंगूस म्हणतात ती ही नायलॉनची दोरी, म्हणजे पॉलिमर. बाकी सगळं ऑप्टिक्स. आणि माझं मत स्पष्ट आहे : माशाच्या दृष्टीने रंगाचा नंबर बराच खाली लागतो. रंग महत्त्वाचा आहे तो बर्फाच्या वर बसलेल्या माणसाला.

आधी लाल दोरीचं बघू. तिच्या बाजूने सांगतात ते असं, की पाणी लाल प्रकाश आधी शोषून घेतं, म्हणून लाल दोरी खोल पाण्यात 'गायब' होते. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं साफ चूक. लाल प्रकाश पोचला नाही तर लाल वस्तू पारदर्शक होत नाही, ती काळपट दिसते. लाइट गेल्यावर हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये लाल शर्ट काळा दिसतो, म्हणून काही शर्टवाला अदृश्य होत नाही. धडकतोच!

दुसरी गोष्ट प्रकाशाच्या दिशेची. बर्फावर हिमाचा थर असला की खाली फार थोडा उजेड पोचतो आणि जो पोचतो तो वरून. खालून वर बघणाऱ्या माशासमोर उजळ छत आणि त्यावर एक रेघ, एवढंच चित्र असतं. अशा वेळी हिरवी काय नि निळी काय, सगळ्या दोऱ्या सावलीसारख्याच. मग फरक पडतो तो रेघेच्या जाडीने. आठ पौंडाची नायलॉन दोरी साधारण ०.२८ मिलिमीटर जाड असते, चार पौंडाची ०.२० च्या आसपास. रंग बदलण्यापेक्षा जाडी कमी केली तर माशाला खरोखरच कमी दिसेल.

तिसरी गोष्ट रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स. पाण्याचा १.३३, नायलॉनचा सुमारे १.५३ आणि फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२. हे फ्लुरोकार्बन म्हणजे पीव्हीडीएफ, जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ साली मासेमारीसाठी बाजारात आणलेलं. सरळ पडणाऱ्या प्रकाशासाठी फ्रेनेलचं सूत्र लावा. पाण्यात नायलॉनच्या पृष्ठभागावरून अर्धा टक्का प्रकाश परत फिरतो, फ्लुरोकार्बनवरून जेमतेम ०.१ टक्का. म्हणजे जवळजवळ पाच पट फरक, आणि दोन्ही दोऱ्या बिनरंगाच्या!

आता समोरच्या बाजूचंही ऐकायला हवं. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वात जास्त, म्हणून गोठलेल्या तळ्याच्या तळाशी पाणी त्याच तापमानाच्या आसपास असतं. एवढ्या थंडीत मासा सुस्त असतो. आमिष एका जागी लटकलेलं, तो सावकाश येतो, निरखून बघतो. वॉलआय नावाचा तिकडचा लाडका मासा तर मंद उजेडातही उत्तम बघतो, कारण त्याच्या डोळ्यामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो. तेव्हा उथळ, स्वच्छ पाणी आणि हिम नसलेला बर्फ असेल तर भडक दोरी त्याला खटकूही शकेल, हे मला मान्य आहे. पण निरखून बघणाऱ्या माशाला खटकण्यासारखं दुसरंही काही असतं. थंडीत नायलॉन रिळावरची वेटोळी सोडत नाही, दोरीला पीळ पडतो आणि इवलंसं आमिष भोवऱ्यासारखं फिरत राहतं. खरं खाद्य असं गरगरत नाही. तिथे दोरी कुठल्याही रंगाची असो, मासा पाठ फिरवून जातो.

मग झगझगीत पिवळी दोरी विकत घेणारे मूर्ख का? मुळीच नाही. मासा कधीकधी आमिष खाली ओढत नाही, अलगद वर उचलतो. तेव्हा हाताला काहीच कळत नाही, फक्त दोरी किंचित सैल पडते. पांढऱ्याशुभ्र बर्फावर पारदर्शक दोरीचं ते सैल पडणं दिसणार कसं? म्हणून जाणकार लोक वरची दोरी भडक ठेवतात आणि आमिषाच्या बाजूला तीन-चार फूट पारदर्शक तुकडा जोडतात. माणसाला दिसायचं ते दिसतं, माशापासून लपवायचं ते लपतं. याला मी इंजिनिअरिंग म्हणेन.

तरीही वाद रंगाचाच का होतो? मला वाटतं, दुकानात उभं राहिल्यावर डोळ्यांना दिसतो तो फक्त रंग. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स दिसत नाही, पीळ दिसत नाही, जाडी बारीक अक्षरात छापलेली. जे दिसतं त्यालाच आपण कारण ठरवून टाकतो. 'मी हिरव्या दोरीने दहा मासे पकडले' हे सांगणं आणि 'मी याच पेनाने एम-थ्री काढला' हे सांगणं यात मला तरी काही फरक दिसत नाही. बिचाऱ्या पेनाला काय माहीत लाप्लास!

गंमत म्हणजे या वादाचा निकाल लावायला बर्फासारखी प्रयोगशाळा नाही. लाट नाही, गळ लांब फेकणं नाही, दोरी सरळ खाली. मिनेसोटात बर्फावर एका माणसाला दोन दोऱ्या टाकायची परवानगी आहे. मग पाडा की शेजारी शेजारी दोन भोकं! जाडी तीच, आमिष तेच, खोली तीच, फक्त रंग वेगळा. दर तासाला दोऱ्यांची अदलाबदल करा, म्हणजे 'माझं भोकच लकी' हा मुद्दाही निकालात निघेल. असे पंधरा-वीस दिवस वहीत लिहून ठेवा आणि मग बोला. वही दाखवून कुणी मला खोटं ठरवलं तर मला आनंदच होईल. नुसता आवाज चढवून ठरवलं तर मात्र नाही.