हुमणीची वेळ वळीव ठरवतो

वळवाची पहिली दमदार सर झाली की ऊसपट्ट्यात दिवेलागणीला जमिनीतून भुंगेरे बाहेर पडू लागतील. वर्षभर मातीत दडलेली हुमणी उघड्यावर सापडते ती एवढ्याच दिवसांत. आपल्याकडे, म्हणजे कृषी सहायक, ऊस विकास अधिकारी किंवा कृषी सेवा केंद्रचालकाकडे, शेतकरी येतो तो मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात, ऊस वाळायला लागल्यावर. तेव्हा मुळांवर बसलेली असते तिसऱ्या अवस्थेतली अळी: दोनदा कात टाकून पोसलेली, सर्वांत खादाड आणि औषधाला सहजी दाद न देणारी. त्या वेळच्या आळवणीवर होणारा खर्च पाहून जीव तुटतो.

जून-जुलैत अंड्यातून निघालेली अळी बारीक असते. कुजक्या सेंद्रिय पदार्थावर आणि कोवळ्या मुळांवर ती जगते. मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून द्यायची ती हिच्यासाठी, जमिनीत ओल असताना. पुढे अळी खोल जाऊन कोषात जाते. भुंगेरा तिथेच तयार होतो आणि वळीव येईपर्यंत मातीतच पडून राहतो. वर्षाला पिढी एकच, त्यामुळे हुकलेली संधी थेट पुढच्या वर्षी.

तुडतुड्यांचे गणित वेगळे. त्यांना कोषावस्था नाही. पिल्लू दिसते बिनपंखी प्रौढासारखे आणि त्याच पानाचा रस शोषते. बुप्रोफेझिन कायटिन तयार होऊ देत नाही, म्हणून पिल्लू कात टाकताना मरते. प्रौढाला कात टाकायचीच नसते, तो फवारणीनंतरही उडताना दिसतो आणि शेतकरी म्हणतो, औषध बोगस निघाले. हे बाटली देतानाच सांगायला हवे.

आपल्या शिफारस-चिठ्ठीवर किडीचे नाव असते, औषध असते, मात्रा असते. किडीच्या अवस्थेचा रकाना बहुधा नसतो. या हंगामापासून तो असावा, असा आमचा आग्रह आहे.

आणि हुमणीसाठी पावसाची वाट पाहू नका. बांधावरच्या कडुनिंब-बाभळींची गावनिहाय यादी आत्ताच करा. भुंगेरे निघाले की अंधार पडल्यावर फांद्या हलवून ते खाली पाडायचे, रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. एक मादी साधारण ५०-६० अंडी घालते, म्हणून ती घालण्याआधीचे दिवस मोलाचे. एकट्याने आपले झाड झाडून भागत नाही, शेजारच्या बांधावरून भुंगेरे येतातच. कारखान्यांनी गट नेमून पूर्ण शिवार एकाच वेळी हाती घ्यावे.