रविवार कुणाचा?

मैत्रिणींनो, शुक्रवारची संध्याकाळ झाली की घरातल्या मंडळींच्या चालण्याबोलण्यात एक सैलपणा येतो, तो तुमच्या लक्षात आला आहे का? दप्तर कोपऱ्यात पडतं, बूट दोन दिशांना जातात आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "चला, आता दोन दिवस निवांत!" नेमक्या त्याच वेळी आपल्या डोक्यात मात्र यादी सुरू झालेली असते. डाळ-तांदूळ भिजत घालायचे, चादरी बदलायच्या, फळ्या पुसायच्या, गणवेशाची बटणं लावायची, आणि शिवाय सुट्टी म्हणून जेवायला काहीतरी वेगळं हवंच. सगळ्यांचा रविवार निवांत जावा म्हणून एकीने सोमवारपेक्षाही लवकर उठायचं, असा हा मामला आहे.

तुम्ही म्हणाल, हे रडगाणं नवं नाही. नाहीच. पण आता त्याला आकडेही मिळाले आहेत. सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभरातल्या माणसांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. सहा वर्षांवरील जी माणसं घरकाम करतात, त्यांतल्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं घरकामात जातात आणि पुरुषांची ९७, असं त्यात आढळलं. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली. पण बघा हं, पुरुषांचीही नऊ वाचली! आपलं काम त्यांनी उचललं म्हणून काही आपला वेळ वाचलेला नाही. मिक्सर, कपड्यांचं मशीन आणि वाण्याकडून घरपोच येणारं सामान यांचे उपकार असावेत, असं आपलं मला वाटतं.

खरी गंमत पुढेच आहे. ही रविवारची सुट्टी आपल्याकडे मिळवली कुणी, ठाऊक आहे? शाळेत हा प्रश्न विचारला की मुलं "इंग्रजांनी दिली" असं ठोकून देतात. इंग्रज साहेबाची सुट्टी त्याच्यापुरती होती. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगाराला मात्र आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. त्यासाठी झटले ते नारायण मेघाजी लोखंडे. हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. पुढे एप्रिल १८९० मध्ये मुंबईत कामगारांची मोठी सभा भरली, जवळजवळ दहा हजार माणसं जमली होती म्हणतात, आणि त्या सभेत दोन कामकरी बायकाही भाषणाला उभ्या राहिल्या. १८९० साली! त्याच वर्षी जूनच्या १० तारखेला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आली.

त्या दोघी जणी सभा संपवून घरी गेल्या असतील तेव्हा काय केलं असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. चूलच पेटवली असणार, दुसरं काय! गिरणीतली सुट्टी मिळाली, चुलीची राहिली. तिच्यासाठी सभा भरवायला कुणी लोखंडे येणार नाहीत. ती ज्याने त्याने, म्हणजे जिने तिने, आपल्या घरात बसून मिळवायची आहे, आणि तीही शक्यतो भांडण न करता. भांडणाने मिळालेल्या सुट्टीत काही करावंसं वाटत नाही, हा बहुतेकींचा अनुभव.

आमच्याकडे गेलं दीड वर्ष रविवारी दुपारी तीन ते सहा ही वेळ माझी आहे. फक्त तीन तास. अख्खा दिवस मागितला असता तर सगळ्यांनी "हो हो" म्हटलं असतं आणि मिळाली असती पाच मिनिटं. ठरावीक वेळ मागितली की ती देणं समोरच्यालाही सोपं जातं. मात्र या तीन तासांचा पाया शनिवारी घालावा लागतो. ज्यांच्याकडे आता पाच दिवसांचा आठवडा आहे (महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना तो फेब्रुवारी २०२० पासून मिळाला) त्यांच्याकडे शनिवारी घरात माणसंही असतात. त्यांना कामं वाटून द्या. 'मदत' हा शब्द मात्र वापरू नका. मदत म्हटलं की काम आपलं ठरतं आणि समोरच्याचे उपकार. "शनिवारचा बाजार तुमच्याकडे, धुतलेले कपडे घड्या करून ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणं मुलांकडे" असं सरळ सांगावं. घड्या वाकड्यातिकड्या होतील. होऊ द्या. आपण मागून जाऊन त्या पुन्हा घालू लागलो की पुढच्या आठवड्यापासून ते काम परत आपल्याच गळ्यात.

आणखी एक. रविवारी चहा दुसऱ्या कुणी करायचा, असं ठरलं तर चहा-साखरेचे डबे, गाळणं, आलं हे सगळं आदल्या दिवशी एकाच फळीवर, समोर मांडून ठेवा. आमचे हे चहा चांगला करतात, माझ्यापेक्षाही कडक. पण पहिल्या दोन रविवारी पाच-पाच मिनिटांनी आतून आवाज येई, "अगं, साखर कुठंय? किसणी कुठली घेऊ?" जागेवरून न उठता उत्तर देणं हेही कामच असतं, बरं का! हात सुईवर आणि लक्ष कपाटात. डब्यांवर चिकटपट्टी लावून नावं घातली, तेव्हा कुठे आवाज बंद झाला. सासूबाई म्हणाल्या, "देवघरातल्या डब्यांवरसुद्धा घाल, म्हणजे तो पूजाही करील."

आता या तीन तासांत करायचं काय? मी गोधडी शिवते. कुणी हिला वाकळ म्हणतात. आमच्या घरी दोघी-तिघी मैत्रिणी येतात, आपापलं हातकाम घेऊन. एकीचा क्रोशा असतो, एक नुसती पेटीवर सूर धरून बसते, तिलाही आमची ना नाही. नियम एकच: खायला काही करायचं नाही. चहा आणि भाजलेले शेंगदाणे, बस्स. हा नियम मी मुद्दाम लिहिते आहे. आपल्या बायकांच्या बैठकी मोडतात त्या याच पायी. पहिलीकडे चिवडा, दुसरीकडे चिवडा आणि वडी, तिसरीकडे इडली-चटणी आणि चौथीला तर भेळ-आइस्क्रीमशिवाय तोंड दाखवायची चोरी. महिन्याभरात सगळ्यांना काहीतरी कारणं सुचतात आणि बैठक बंद!

मोबाइल दाराजवळच्या टोपलीत राहतात. वाजला तर ऐकू येतो, उगाच चाळला मात्र जात नाही.

आमच्यातली एक जण बँकेत नोकरी करते. पहिल्यांदा आली ती रिकाम्या हाताने. "मला कसला गं छंद? वेळ मिळाला की झोपावंसं वाटतं," म्हणाली. खोटं नव्हतं ते. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, आणि ते दोन्ही शनिवार हिचे दळण, दवाखाना आणि मुलांच्या प्रकल्पांत जातात. आम्ही म्हटलं, झोप. तर ती आमच्यात खरंच पाऊण तास भिंतीला टेकून झोपली. तिसऱ्या खेपेला येताना मात्र एक पिशवी घेऊन आली. आत तिच्या आईच्या दोन सुती नऊवारी. आईला जाऊन चार वर्षं झाली. लुगडी नेसायची नाहीत, कुणाला द्यावीशी वाटत नाहीत, पेटीत तशीच पडून. "गोधडी करायची आहे, पण कात्री लावायचा धीर होत नाही," म्हणाली.

सासूबाई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "कात्री लागतेच कशाला? घड्या घाल."

आणि खरंच लागत नाही. नऊवारीची लांबी आठ मीटरच्या आसपास. तिच्या सारख्या चार घड्या घातल्या की साधारण दोन मीटर लांबीचे चार थर होतात, आणि पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर, म्हणजे एका माणसाच्या पांघरुणाचं बेतशीर माप. सहावारी असेल तर तीन घड्या घालाव्यात, जरा आखूड होते पण मुलांना पुरते. कापड सुतीच हवं. आधी गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ पुरती काढा, नाहीतर सुई अडते. उन्हात खणखणीत वाळवा. सतरंजीवर घड्या पसरून सुरकुत्या हाताने काढा आणि वीत-वीत अंतरावर मोठे कच्चे टाके घालून थर पक्के करा. हे कच्चे टाके घालायला दोघी हव्यात, एकटीने केलं की थर सरकतात. मग कडेपासून सुरुवात करून साधा धावदोरा घालत आत आत जायचं. जाड सुती दोरा, मोठ्या नेढ्याची सुई आणि बोटात अंगुस्तान. टाके एकसारखे पडलेच पाहिजेत असं नाही. ज्यांना भरतकाम येत नाही म्हणून संकोच वाटतो त्यांच्यासाठी हे काम फार चांगलं. बघणाऱ्याचं लक्ष टाक्यांपेक्षा लुगड्याच्या काठाकडे जातं.

त्या मैत्रिणीच्या घरी यावरून थोडी कुरबुर झाली, तेही सांगते. "आठवड्यातून एक दिवस घरात असतेस, तोही बाहेर?" असा प्रश्न आला. प्रश्न अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. तिची मुलं लहान आहेत, त्यांना आई हवी असते. तिने मधला मार्ग काढला: महिन्यातून दोन रविवार ती येते, दोन रविवार घरीच गोधडी पसरून बसते. घरी शिवायला बसली की टाके कमी आणि उठाबशा जास्त होतात, असं तिचं म्हणणं. पण धाकटी आता सुईत दोरा ओवून देते आणि "ही आज्जीची होती?" असं विचारते. नवरा अजून काही बोलत नाही. बघू या.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे किंवा तान्हं मूल आहे, त्यांना तीन तास म्हणजे चैन वाटेल, कळतं मला. त्यांनी अर्धा तास धरावा, पण वार आणि वेळ ठरवून. आणि त्या वेळात जुनी कपाटं आवरू नयेत! आपल्याला सवय अशी की मोकळा वेळ हाती आला की पहिला विचार राहून गेलेल्या कामाचा. नगर वाचनालयाचं पुस्तक वाचा, रेडिओ लावून पडून राहा (विविध भारती १९५७ पासून अखंड सोबतीला आहे, जाहिरातींसकट), नाहीतर गच्चीत जाऊन नुसत्या उभ्या राहा. घरच्यांना 'आई काहीच करत नाही' हे दृश्य अधूनमधून बघायची सवय लागली पाहिजे. मुलींना तर नक्कीच. उद्या सासरी गेल्यावर पाच मिनिटं बसताना तिने इकडेतिकडे बघू नये, असं मला मनापासून वाटतं.

राहता राहिलं रविवारचं रात्रीचं जेवण. सहाला उठून पुन्हा पोळी-भाजी-आमटीच्या मागे लागायचं तर दुपारचं सगळं सुख वाया. आमच्याकडे त्या रात्री चकोल्या ठरलेल्या. काहीजणी वरणफळं म्हणतात. चौघांसाठी एक वाटी तुरीची डाळ सकाळीच कुकरमध्ये शिजवून ठेवा. दोन वाट्या कणकेत मीठ, हळद, चिमूटभर ओवा आणि चमचाभर तेल घालून घट्ट भिजवा. हे काम मुलांना आवडतं. फोडणीत मोहरी, हिंग, कढीलिंब, लसूण आवडत असेल तर तोही. त्यावर डाळ घोटून, भरपूर पाणी घालून, आमसुलं, गूळ आणि गोडा मसाला घाला. वरण नेहमीपेक्षा पातळच हवं, कारण चकोल्या पाणी ओढतात. पोळी जराशी जाडसर लाटून कातणाने शंकरपाळ्यासारखे तुकडे करा आणि वरणाला खळखळून उकळी आली की एकेक करून सोडा. सगळे एकदम टाकले तर गोळा होतो. दहा-बारा मिनिटं मध्यम आचेवर शिजू द्या. एक पातेलं, चार ताटल्या, भांडी घासणाऱ्याचीही कुरकुर नाही. वरून तूप मात्र सढळ हाताने घ्या, आणि पहिलं वाढून तुम्ही घ्या.