'एजा'ला यंत्र म्हणणाऱ्यांनी कव्हरची आतली बाजू वाचावी

१/ धागा लांब आहे, सवडीने वाचावा. विषय आहे १९७७ सालचा एक अमेरिकी अल्बम आणि त्याच्यावर तेव्हापासून होत आलेला एक आरोप. रसिकतेचा वाद असता तर मी त्यात पडलो नसतो. ज्याची त्याची आवड. परंतु हा आरोप ऐतिहासिक विधानाचा वेष घेऊन फिरतो, आणि इतिहासाच्या कसोटीला तो उतरत नाही.

२/ अल्बमचे नाव 'एजा', समूहाचे नाव स्टीली डॅन. (उच्चार 'एशिया'च्या जवळचा. कृपया 'अजा' म्हणू नये. अजा म्हणजे शेळी.) सप्टेंबर १९७७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सात गाणी, सुमारे ४० मिनिटे. 'समूह' हा शब्द इथे सवयीपोटीच वापरायचा, कारण १९७४ मध्ये दौरे थांबवल्यानंतर स्टीली डॅन म्हणजे व्यवहारात दोनच माणसे उरली होती: डॉनल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर. गाणी त्यांची, अंतिम निर्णय त्यांचे आणि निर्माते गॅरी कॅट्झ यांचे. वादक मात्र गाण्यागणिक बोलावलेले, ठरलेल्या मोबदल्यावर येऊन वाजवून जाणारे. ध्वनिमुद्रणाची बाजू रॉजर निकल्स, एलियट शायनर, बिल श्नी आणि अल श्मिट या चौघांनी सांभाळली. १९७८ च्या ग्रॅमी समारंभात उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचे पारितोषिक याच कामाला मिळाले.

३/ आता आरोप. हे संगीत म्हणे निर्जंतुक आहे. घोटून घोटून त्यातला प्राण गेलेला आहे. जॅझची उत्स्फूर्तता त्यात नाही, रॉकचा रांगडेपणाही नाही. माणसे वाजवत नसून यंत्र चालू आहे. याला पुष्टी म्हणून सालाचा दाखला देतात. १९७७ हे पंकचे वर्ष, सेक्स पिस्टल्सचा अल्बम त्याच ऑक्टोबरातला. एकीकडे तीन कॉर्डांवर पेटून उठलेली लंडनची पोरे, दुसरीकडे लॉस एंजेलिसच्या गारेगार स्टुडिओत स्वर पुसत बसलेले दोन विक्षिप्त. इतिहास कोणाच्या बाजूने गेला, हे सांगायलाच नको, असा एकूण सूर.

४/ मांडणी इतकी सुबक आहे की तिच्याविषयी संशय घ्यावा. एका सालातील माणसांना दोन रांगांत उभे करायचे, एकीला 'उदय' म्हणायचे आणि दुसरीला 'ऱ्हास'. उत्तर पेशवाईवर एक परिच्छेद खरडून मोकळ्या होणाऱ्या पाठ्यपुस्तकांत आपण हेच पाहत आलो आहोत.

५/ राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदाला मोठे मानले, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. तोच दंडक इथे लावू. संगीतसमीक्षकांची वर्णने आणि वादकांच्या आठवणी ही बखर. मग अस्सल कागद कोणता? रेकॉर्डचे कव्हर. 'एजा'च्या कव्हरच्या आत प्रत्येक गाण्याखाली त्यात कोणी काय वाजवले याची यादी छापलेली आहे. त्या काळी ही गोष्ट गृहीत धरण्यासारखी नव्हती. मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत वाजवणाऱ्या फंक ब्रदर्स मंडळींची नावे कव्हरवर पहिल्यांदा आली ती १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर. तोपर्यंत दहा-बारा वर्षे त्यांच्या ठेक्यावर अमेरिका नाचत होती आणि त्यांची नावे अमेरिकेला ठाऊक नव्हती.

६/ 'एजा'ची यादी नीट वाचली की पहिलीच गोष्ट डोळ्यांत भरते: सात गाण्यांना सहा ड्रमवादक. पॉल हम्फ्री, स्टीव्ह गॅड, बर्नार्ड पर्डी, रिक मरोटा, एड ग्रीन, जिम केल्टनर. पर्डी तेवढे दोन गाण्यांत. यंत्राची हौस असलेला माणूस एकच यंत्र आणून सातही गाणी त्याच्यावर काढील. एकाचा ठेका दुसऱ्याच्या ठेक्यासारखा नसतो, आणि अमुक गाण्याला अमकाच हात हवा, हे ज्याला कळते तोच सहा वेगवेगळ्या माणसांना बोलावतो. या सहा हातांना एका घरात आणून ठेवले ते चक रेनी यांच्या बासने: सातपैकी सहा गाण्यांत बास त्यांचा आहे. उरलेल्या 'डीकन ब्लूज'मध्ये तो बेकर यांनी स्वतः वाजवला.

७/ 'पण त्यांनी ड्रमसाठी यंत्र बनवले होते ना?' हा प्रश्न येणार, हे मला ठाऊक आहे. दर वेळी येतो. होय, बनवले होते. रॉजर निकल्स यांनी 'वेंडेल' नावाचे, ड्रमचे आवाज साठवून हवे तिथे बसवणारे यंत्र तयार केले. ते वापरले गेले 'गाउचो' या पुढच्या अल्बमसाठी, जो १९८० मध्ये आला. १९८० च्या यंत्राची साक्ष काढून १९७७ च्या माणसांना दोषी ठरवणे याला कालविपर्यास म्हणतात. पानिपतच्या लढाईचे वर्णन करताना कोणी तोफांबरोबर रणगाडेही लिहिले, तर आपण ते पुस्तक मिटू. इथे मात्र माना डोलावतो.

८/ आता शीर्षकगीत, सुमारे आठ मिनिटांचे. स्टीव्ह गॅड यांच्यासमोर लिहिलेली स्वरलिपी होती आणि ती पाहत त्यांनी हे गाणे वाजवले. पहिल्याच टेकमध्ये ते पार पडले, असे एक आख्यायिका सांगते. दुसऱ्या टेकमध्ये, असे दुसरी. हा फरक बखरीतला आहे, त्यावर भांडण्यात हशील नाही. दोन्ही आख्यायिकांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे, आणि 'घोटून प्राण गेला' म्हणणाऱ्यांना तीच अडचणीची आहे: हे काम घोटलेले नव्हते. गाण्याच्या मध्यावर सॅक्सोफोनच्या खालून ड्रम उसळत वर येतात, आणि शेवटी तर बाकीचे शांतपणे चाल धरून असताना एकटे गॅड सुटलेले आहेत. हेडफोन लावून ऐकावे. हे यंत्र असेल, तर यंत्राला घाम येतो असे म्हणावे लागेल.

९/ तो सॅक्सोफोन वेन शॉर्टर यांचा. माइल्स डेव्हिस यांच्या साठच्या दशकातील पंचकाचे ते सदस्य. १९७७ मध्ये ते वेदर रिपोर्टमध्ये होते आणि त्याच वर्षी त्या समूहाचा 'हेवी वेदर' आला होता. 'एजा'वर पियानो वाजवणारे व्हिक्टर फेल्डमन यांनीही डेव्हिस यांच्याबरोबर वाजवले होते. १९६३ च्या 'सेव्हन स्टेप्स टू हेवन' या रचनेचे ते सहकर्ते. जो सॅम्पल हे क्रुसेडर्सचे. म्हणजे 'जॅझ-रॉक' या जोडशब्दातला जॅझ इथे शोभेसाठी चिकटवलेला नाही. ज्यांनी तो घडवला, तीच माणसे खोलीत बसलेली आहेत.

१०/ बर्नार्ड पर्डी यांच्याविषयी स्वतंत्र धागा व्हायला हवा. 'होम ॲट लास्ट'मधला त्यांचा ठेका 'पर्डी शफल' म्हणून ओळखला जातो. ऐकताना चाल संथ, जवळजवळ आळसावलेली वाटते. आत मात्र प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे होऊन सतत वाहत असतात, आणि मुख्य ठोक्यांच्या मध्ये डाव्या हाताचे इतके हलके आघात पडतात की ते कानाला ऐकू येण्याआधी अंगाला जाणवतात. तबल्यावरचे दाबलेले बोल ज्यांनी लक्षपूर्वक ऐकले आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. पुढे जेफ पोर्कारो यांनी टोटोच्या 'रोझॅना'साठी (१९८२) ठेका बांधताना पर्डी यांच्याकडून काय घेतले, ते त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. निर्जीव वस्तूला असे वारस नसतात.

११/ आणि चक रेनी यांची गंमत. 'पेग'मध्ये त्यांनी बासच्या तारांवर अंगठा आपटून वाजवू नये, असे त्यांना बजावले होते. रेनी सांगतात की त्यांनी सरळ पाठ फिरवली आणि हात दिसणार नाही अशा बेताने तेच केले. ते अल्बममध्ये राहिले, कारण ऐकल्यावर ते उत्तम निघाले. (मुळात 'पेग'चे कडवे १२ बारच्या साध्या ब्लूजवर उभे आहे; वर इतके नक्षीदार कॉर्ड चढवले आहेत की सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही.) 'दोन हुकूमशहा आणि मुके मजूर' या चित्रात ही फिरवलेली पाठ कुठे बसवायची?

१२/ प्रतिपक्षाचे जे खरे आहे, ते मान्य केले पाहिजे. याच 'पेग'मधला गिटारचा एकल तुकडा एकामागून एक नामांकित गिटारवादकांकडून वाजवून घेतला गेला आणि नाकारला गेला. किती जण होते, यावर आठवणींचे एकमत नाही. शेवटी जे ग्रेडन यांचा तुकडा स्वीकारला गेला. १९९९ च्या माहितीपटात बेकर आणि फेगन ध्वनिमिश्रणाच्या टेबलापाशी बसून नाकारलेले तुकडे ऐकवतात आणि हसतात. तो प्रसंग मला सुखद वाटत नाही. टेपवर राहिलेली, कव्हरवर न आलेली ती माणसे आहेत. एवढे मात्र खरे की ग्रेडन यांचा तुकडा लागताच निवड का झाली ते समजते: तार खेचून आणलेला स्वर, हवाईयन वाटावा असा लडिवाळ. याहून 'अचूक' वाजवणारे कितीतरी असतील. त्यांना अचूकपणा नको होता, स्वभाव हवा होता, आणि तो सापडेपर्यंत त्यांनी थांबायची तयारी ठेवली.

१३/ 'जॅझ म्हणजे उत्स्फूर्तता, कातरकाम नव्हे' असे म्हणणाऱ्यांसाठी: माइल्स डेव्हिस यांचा 'इन अ सायलेंट वे' (१९६९) काढा. पहिल्या बाजूच्या अखेरीस जे ऐकू येते, तो आरंभीचाच भाग आहे. पुन्हा वाजवलेला नव्हे, तर तीच टेप पुन्हा जोडलेली. निर्माते टिओ मासेरो यांच्या कात्रीचे हे काम. त्याला आपण प्रतिभा म्हणतो आणि योग्यच म्हणतो. मग आठ वर्षांनी तीच चिकाटी दोन गोऱ्या, चष्मेवाल्या, तिरकस बोलणाऱ्या रॉकवाल्यांनी दाखवली की ती एकदम 'निर्जंतुक' कशी होते?

१४/ हा वाद मला इतका का लागतो, ते सांगतो. १९७७ हेच साल मुंबईचेही आहे. त्या वर्षी 'अमर अकबर अँथनी' आला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव पोरासोरांच्या तोंडी झाले. खरे अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे व्हायोलिनवादक आणि संयोजक. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि गाण्यातले ते नाव ही शिष्याने गुरूला दिलेली मानवंदना. सबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांबरोबर 'अलबेला'त तुतारी गाजवणारे चिक चॉकलेट, आणि त्यांच्यामागे बसलेले कितीतरी गोमंतकीय वादक: हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ या लोकांनी उभा केला आणि रेकॉर्डवर त्यांची नावे छापण्याची रीत नव्हती. गुरूचे नाव लोकांपर्यंत पोहोचले तेही एका विनोदी पात्राचे म्हणून. आज त्यांचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला मुलाखती गोळा करत फिरावे लागते, आणि मुलाखत देणारे दर वर्षी कमी होतात. म्हणून जिथे गाण्यागणिक नावांची यादी छापलेली आहे, तो अल्बम 'यंत्राने वाजवलेला' म्हणून कोणी उडवून लावला की मला राग येतो. नावे लिहिलेली आहेत, ती वाचली तरी पाहिजेत!

१५/ 'एजा'वर दोषारोप करायचाच असेल, तर तो दुसरीकडे करता येतो. १९८९ मध्ये डे ला सोल या समूहाने 'पेग'चा तुकडा घेऊन गाणे केले. पुढे लॉर्ड तारिक आणि पीटर गन्झ यांनी 'ब्लॅक काउ'चा तुकडा घेतला. असे गाणे चालते तेव्हा रचनेचा हक्क ज्यांच्या नावे आणि ध्वनिमुद्रणाची मालकी ज्यांच्याकडे, त्यांचा त्यावर अधिकार सांगता येतो. ज्या ठेक्यासाठी तो तुकडा उचलला, तो ठेका धरणारे पॉल हम्फ्री किंवा रिक मरोटा रचनेचे मालक नाहीत. कव्हरवर नाव मिळाले, मालकी मिळाली नाही. 'प्राण नाही' या आरोपाने हा प्रश्न झाकला जातो. ज्या संगीतात माणूसच नाही, तिथे त्याचा वाटा कोण विचारील?

१६/ साधनांविषयी एक शेवटची नोंद. १९९९ मध्ये अल्बम नव्याने काढताना बेकर आणि फेगन यांनी मूळ टेपा मागवल्या, तेव्हा 'ब्लॅक काउ' आणि 'एजा' या दोन गाण्यांच्या, प्रत्येक वाद्य सुटे ऐकता येईल अशा, दोन इंच रुंदीच्या टेपा सापडल्या नाहीत. शोधून देणाऱ्याला ६०० डॉलरचे बक्षीस त्यांनी जाहीर केले. रक्कम त्यांच्या विनोदाच्या जातीची आहे. म्हणजे गॅड यांचे ते ड्रम मूळ टेपवरून एकटे, बाकी सारे बंद करून ऐकण्याची सोय तेव्हा उरली नव्हती. मिसळलेली अंतिम ध्वनिफीत आहे, आणि कव्हरवर एक ओळ आहे: ड्रम, स्टीव्ह गॅड.