बिनतारी की-बोर्ड : तार नाही म्हणून घेऊ नका!

लग्नसराईत बँड, उरुसात कव्वाली आणि एरवी ऑर्केस्ट्रा यांवर पोट भरणारी घरे आपल्या समाजात आजही आहेत. संगीत जायज की नाजायज, हा वाद या पानाचा विषय नाही. या घरांतील तरुणांनी धंद्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याला उपयोगी पडावी, एवढाच येथे विचार आहे. सध्या यांपैकी अनेकांच्या मनात बिनतारी मिनी की-बोर्ड भरला आहे. पिशवीत मावतो, मोबाइलला जोडला की घरीच स्टुडिओ, असे त्याचे वर्णन केले जाते. यातले अर्धेच खरे आहे.

पहिली गोष्ट, हा ‘कंट्रोलर’ आहे. बहुतेकांच्या पोटात आवाज नसतो. कोणती पट्टी किती जोराने दाबली, एवढा निरोप तो मोबाइलला किंवा संगणकाला देतो आणि आवाज तेथील सॉफ्टवेअर काढते. या निरोपाच्या भाषेला ‘मिडी’ म्हणतात. ती १९८३ पासून चालत आली आहे. ब्लूटूथवरून ती पाठविण्याचे मानक २०१५ मध्ये ठरले. म्हणून आपला मोबाइल किंवा संगणक दुकानात नेऊन, जोडून, वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विंडोजवरील अनेक संगीत-सॉफ्टवेअर ब्लूटूथची मिडी सरळ घेत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. आपल्याकडचा हात हार्मोनियमवर तयार होतो आणि हार्मोनियमला साधारण ३७ ते ४२ पट्ट्या असतात. २५ पट्ट्यांत दोनच सप्तके बसतात. सप्तक वरखाली करण्याचे बटण असते, पण गायक तार सप्तकात चढला असताना बटण शोधायला हात मोकळा कुठे असतो? बसल्या जागी चाल बांधणाऱ्याला २५ पट्ट्या चालतील. साथ करणाऱ्याने निदान ३७ घ्याव्यात. कोर्ग कंपनीची ‘मायक्रोकी एअर’ २५, ३७, ४९ आणि ६१ अशा चारही मापांत निघाली, ती उगीच नव्हे. गायक काळी एकवरून काळी चारवर गेला तर सूर बदलण्याची सोय आहे का, हेही विचारावे.

तिसरी गोष्ट उशिराची. की-बोर्डचा बिनतारी निरोप थोडक्या मिलिसेकंदांत पोचतो. सवयीने तो निभावतो. खरा घात ब्लूटूथ इयरफोन करतो. त्यातून आवाज यायला बहुधा १०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे वाजवणारा मात्रेच्या पाचव्या हिश्श्याने मागे पडला! दोष मात्र बिचाऱ्या की-बोर्डला दिला जातो. ऐकण्यासाठी तारेचाच हेडफोन वापरावा.

भरल्या मांडवात वाय-फाय आणि शेकडो मोबाइल त्याच लहरींवर बोलत असतात. जोडणी तुटली किंवा बॅटरी संपली तर बिदागी कापली जाते आणि पुढची सुपारीही हातची जाते. म्हणून ज्याला यूएसबी तारेची सोय नाही, तो की-बोर्ड कमावत्या माणसाने घेऊ नये. प्रवासात बिनतारी, कार्यक्रमात तार, हाच व्यवहार.

आता पैशाचे. घरातल्या कॅसिओ किंवा यामाहा की-बोर्डच्या पाठीमागे यूएसबी किंवा मिडीचे छिद्र आहे का, ते आधी पाहावे. असेल तर कंट्रोलर बहुधा घरातच आहे. योग्य तार आणा आणि कामाला लागा. केवळ आवाजात नात रेकॉर्ड करणाऱ्यांना तर की-बोर्डची गरजच नाही. त्यांनी तो पैसा चांगल्या माइकवर घालावा. दुबईहून भावाकडून मागवताना वॉरंटी हिंदुस्थानात चालेल का, ते आधी विचारावे. आणि व्याजाच्या हप्त्यांवर तर मुळीच घेऊ नये. सुपारी हंगामात येते, हप्ता दर महिन्याला येतो.

तार नसणे ही सोय आहे, गुण नव्हे. पट्ट्या, हाताला मिळणारा दाब आणि तारेचे छिद्र, या तीन गोष्टी पाहून सौदा करावा.